ठासणीच्या बंदुकीवर कर किती?

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात बंदूक असलेली घरं अजून भेटतात, पण बंदूक विकत घेतलेला माणूस सहसा भेटत नाही. बहुतेक घरांत ती वारशाने आलेली असते. आजोबांची वडलांकडे, वडलांची थोरल्याकडे, आणि तिच्यामागोमाग परवान्याची वही. ज्या परवान्याची पहिली नोंद १९८१ सालच्या आधीची, त्यावर जिल्हा ‘कुलाबा’ असतो. पुढे कुलाब्याचा रायगड झाला. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं, बंदूक मात्र तीच राहिली. तेव्हा कुणी विचारलं की बंदुकीवर विक्रीकर किती, तर या भागात त्याचं पहिलं उत्तर ‘विक्री झालीच कुठं?’ असंच येईल.

तरी प्रश्न फुकाचा नाही. मुंबईला नोकरी करणारा एखादा मुलगा मोबाइलवर परदेशातल्या बंदुकांचे लिलाव बघतो. बोली लागते, घड्याळ उलटं धावतं, वस्तू विकली जाते. गावच्या माळ्यावरची आपली ठासणीची अशी विकता येईल का, आली तर सरकार त्यातलं किती घेईल, हे त्याच्या मनात येणारच. त्या प्रश्नाचा माग काढत गेलं की कर बाजूला राहतो आणि भलतीच माहिती हाती लागते.

आधी ती बंदूक जवळून पाहू. लांब नळी, लाकडी दस्ता, घोडा, चाप, नळीखाली अडकवलेला गज. काडतूस नावाची वस्तू हिला ठाऊक नाही. काळी दारू मापाने नळीच्या तोंडातून आत ओतायची, वर चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. एवढं सगळं होऊन एक बार उडतो. दुसऱ्यासाठी पहिल्यापासून सुरुवात. सावित्रीच्या खोऱ्यातल्या पावसात दारू सर्द झाली की टोपी नुसती फटकन वाजते, नळीतून धूरसुद्धा निघत नाही. डुक्कर एवढ्या वेळात दुसऱ्याच्या खाचरात पोचलेलं असतं.

असल्या हत्याराने कुणी दरोडा घालील असं वाटत नाही. ती असते राखणीसाठी. भात दुधात आलं की रानडुकरं रात्री उतरतात. खातात त्याहून जास्त तुडवतात, लोळतात. सकाळी खाचरात गेलं तर मधोमध चटई अंथरल्यासारखं भात आडवं. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीची तीच गत, आणि दिवसा वानरं असतातच. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, आरोळ्या द्यायच्या, टॉर्च मारायचा, आणि अगदीच कळप हटेना तर हवेत एक बार काढायचा. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे व्यवहारात आवाज करण्याचा परवाना. जनावर मारायचं तर तो वेगळा कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उभ्या पिकाला धोका असलेल्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी देण्याची तरतूद आहे, पण ती वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. बंदुकीचा परवाना तिथं उपयोगाचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे.

आता कर. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, आणि जीएसटीचे नवे दर नेमके त्याच दिवशी लागू झाले. ट्रॅक्टर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल २८ वरून थेट ४० वर गेलं. खासगी वापराची विमानं आणि चैनीच्या नौका त्याच ४० टक्क्यांच्या पंगतीत बसल्या. ठासणीची बंदूक होती तिथंच राहिली, १८ वर.

तिच्यासाठी वेगळी जागा आहे, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. मालाच्या वर्गवारीचे आकडे जगभर सारखे असतात. त्यात ९३ वं प्रकरण शस्त्रांचं. ९३०२ म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तूल. ९३०३ म्हणजे स्फोटक भरून उडवायची इतर शस्त्रं, आणि त्यातही ९३०३ १० हा आकडा खास तोंडाकडून भरायच्या बंदुकांचा. कुडपण किंवा उमरठसारख्या गावच्या माळ्यावर टांगलेल्या बंदुकीला जिनिव्हापासून न्हावाशेवापर्यंत चालणारा स्वतःचा आकडा आहे! दारू, छर्रे, काडतुसं यांनाही १८ टक्केच.

कोयता, कुदळ, फावडं, कुऱ्हाड ही हातानं चालवायची शेतीची अवजारं ८२ व्या प्रकरणात येतात आणि त्यांवर कर शून्य. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं धुऊन, पुसून पाटावर मांडतात. कोयता, पहार, नांगराचा फाळ, आणि असेल तर बंदूकही. सगळ्यांना एकच हळदकुंकू, एकाच तोरणातलं झेंडूचं फूल. जीएसटीच्या तक्त्यात मात्र त्या पाटावरचा कोयता शून्यात आणि बंदूक अठरात. तक्ता करणाऱ्यानं चूक केली असं मी म्हणणार नाही. बंदूक ती बंदूक, तिच्यावर कर असावा. पण ती कशासाठी वापरली जाते हा रकानाच तक्त्यात नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना दाखवून दर कमी होत नाही.

समजा एखाद्या शेतकऱ्यानं खरंच नवी बंदूक घ्यायची ठरवली आणि ती एक लाखाची निघाली, तर वर १८ हजार. विक्रेता महाराष्ट्रातला असेल तर ९ हजार केंद्राचे, ९ हजार राज्याचे. माल परराज्यातून आला तर एकात्मिक करापोटी तेच १८ हजार, आणि त्यातला राज्याचा वाटा जिथं माल वापरला जाणार त्या राज्याला. जीएसटीची रचनाच अशी आहे की माल जिथं जातो तिथं कर जातो.

हा मुद्दा अमेरिकेला पन्नास वर्षं सुटला नव्हता. दुसऱ्या राज्यात दुकान असलेल्या विक्रेत्याकडून टपालाने माल मागवला तर तिथं विक्रीकर बहुतेक बुडायचा, कारण आपल्या हद्दीत पाऊल नसलेल्या दुकानदाराला राज्य कर गोळा करायला लावू शकत नव्हतं. २१ जून २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर या खटल्यात ते बदललं. त्यानंतर राज्यांनी कायदे केले आणि ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांनीच कर कापून भरावा असं ठरत गेलं. बंदुकांचे लिलावही त्यात आले. बोली जिंकणाऱ्याच्या घरी दुसऱ्या राज्यातून बंदूक थेट येत नाही. ती त्याच्या भागातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जाते, तपासणी होते, मग हाती मिळते. कर मात्र खरेदीदाराच्या पत्त्यावरून ठरतो.

आपल्याकडे गाडी इथवर पोचतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम खासगी मालकाला आपली बंदूक विकायची मुभा देतं, आणि त्यासाठी दुकानदाराचा परवानाही मागत नाही. अट अशी की घेणाऱ्याकडे वैध परवाना हवा, आणि अमुक माणसाला ही बंदूक देणार आहे असं जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. आता लिलाव म्हणजे काय? घेणारा कोण हे शेवटची बोली लागेपर्यंत विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कायद्याला ते नाव दीड महिना आधी पाहिजे. या दोघांचं जमायचं कसं? तेव्हा आमच्या मोबाइलवाल्या मुलाचा बेत इथंच आटोपतो, कर अधिकाऱ्याला उठायचेही कष्ट पडत नाहीत.

आणि कायद्यानुसार सगळं नीट केलं, पोलादपूरच्या माणसानं महाडच्या परवानाधारकाला आपली जुनी बंदूक ४५ दिवस थांबून विकली, तर कर किती? काहीच नाही. जीएसटी धंद्याच्या ओघात केलेल्या विक्रीवर असतो. घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस धंदेवाला नव्हे. हीच बंदूक त्यानं मुंबईच्या शस्त्रविक्रेत्याला दिली आणि त्यानं ती पुढे विकली, तर विक्रेत्याला जुन्या मालाचा नियम वापरता येतो. संपूर्ण किमतीवर नव्हे, फक्त वरच्या फरकावर कर. २० हजाराला घेऊन २५ हजाराला विकली तर ५ हजारांवर १८ टक्के, म्हणजे ९०० रुपये.

सरकार स्वतः विकायला बसलं तर हिशेब पुन्हा फिरतो. जप्त केलेला किंवा जुना सरकारी माल नोंदणीकृत व्यापाऱ्यानं घेतला तर कर त्या व्यापाऱ्यानं उलट भरायचा, अशी अधिसूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहे. पण जप्त बंदुका भंगारासारख्या मैदानात मांडून विकल्या जात नाहीत. त्या शस्त्रागारात जातात, पुष्कळशा मोडल्या जातात. सीमाशुल्क खात्यानं पकडलेली परदेशी पिस्तुलं काही काळ खासदारांना विकत मिळत असत, हे माहितीच्या अधिकारात बाहेर आलं होतं. डुकरांचा त्रास खासदारांनाही असावा.

लिलावातून शस्त्र घेतल्याचं महाराष्ट्रातलं ताजं आणि गाजलेलं उदाहरण बंदुकीचं नाही, तलवारीचं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली. राज्य सरकारनं मध्यस्थामार्फत ती घेतली. वाहतूक, विमा, हाताळणी धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला, आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोचली. अशा लिलावात पुकारलेल्या आकड्यावर किंमत थांबत नाही. वर लिलावघराचं शुल्क चढतं, मग बाकीचं सगळं.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी जीएसटीच्या तक्त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, ९७ वं. तिथला दर त्याच २२ सप्टेंबरला १२ वरून ५ झाला. म्हणजे शतकापूर्वीची, चाप गंजून गेलेली, दुरुस्त करूनही न उडणारी बंदूक कुणी दिवाणखान्यात लावायला दुकानातून घेतली तर ५ टक्के. परवानाही नको, कारण शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम अशा निकामी पुराणवस्तूला सूट देतं. तिच्या नातवंडासारखी दिसणारी, पावसात भिजून का होईना पण वाजणारी, शेतावरची बंदूक नवी घेतली तर १८ टक्के आणि परवान्याचे हेलपाटे. शोभेची स्वस्त, कामाची महाग.

या भागाला शस्त्रं आणि जकात या दोन्ही गोष्टींचा इतिहास नवा नाही. रायगड किल्ला महाड तालुक्यातच येतो. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन उतरला. राज्याभिषेकाचा सोहळा त्यानं पाहिला आणि जूनमध्ये कंपनीचा शिवाजी महाराजांशी करार झाला. इंग्रजांनी आणलेल्या मालावर अडीच टक्के जकात द्यावी, असं त्यात ठरलं. राजापूरच्या वखारीची भरपाई हाही वाटाघाटीतला मोठा विषय होता. जकातीचा दर ठरवणारी गादी गडावर होती आणि दर कमी करून मागणारा परदेशी पाचाडात मुक्कामाला होता, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे बंदूक जवळ ठेवायलाच परवाना लागू लागला. १८७८ चा लिटनचा शस्त्र कायदा हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा म्हणून बदनाम झाला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. राज्यघटनेत तो आला नाही. १९५९ चा कायदा १९६२ मध्ये अमलात आला आणि आजही तोच चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. दुसरा बदल पोलादपूरकराच्या उपयोगाचा. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, रस्त्यानं शंभरावर किलोमीटर. प्रांत कार्यालय महाडला असलं तरी परवान्याचा शेवटचा शब्द अलिबागचा.

पुन्हा अमेरिकेकडे वळतो, कारण बंदुकीच्या कराबद्दल तिथली एक गोष्ट मला मनापासून पटते. १९३७ साली तिथं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के अबकारी कर. तो कारखानदार किंवा आयातदार भरतो, आणि ते पैसे सरकारच्या सामान्य तिजोरीत विरत नाहीत. राज्यांना वन्यजीवांसाठी वाटले जातात. राज्याचं क्षेत्रफळ आणि तिथल्या परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून वाटा ठरतो. त्यातून प्राण्यांची गणती होते, अधिवास राखले जातात, माणसं नेमली जातात. बंदूक आणि जनावर यांचं नातं तिथल्या कायद्यानं मान्य केलं आहे.

आपल्याकडे छर्ऱ्यांवरचे १८ टक्के गेले ते गेले. नुकसानभरपाई वनखात्याकडे मागायची, पंचनामा करून घ्यायचा, आणि कोकणातली खाचरं एवढी तुकड्या-तुकड्यांची की गुंठ्यांत मोजलेलं नुकसान कागदावर दिसतही नाही. बंदुकीच्या करातून डुक्कर-कुंपणाला पैसा द्यावा असं कुणी म्हटलं तर अर्थखातं हसेल. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रक्कम फार जमणार नाही, हे खरं. पण कुंपणाची मागणी आणि बंदुकीची मागणी एकाच अर्जातल्या दोन ओळी आहेत, हे तरी त्यानं मान्य होईल.

शेतकऱ्याला बंदुकीची खरी किंमत कळते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. महाराष्ट्रात विधानसभेच्या गेल्या तीन निवडणुकांच्या तारखा पाहा. २०१४ ला घोषणा १२ सप्टेंबरची, मतदान १५ ऑक्टोबरचं. २०१९ ला घोषणा २१ सप्टेंबरची, मतदान २१ ऑक्टोबरचं. २०२४ ला घोषणा १५ ऑक्टोबरची, मतदान २० नोव्हेंबरचं. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत कोकणात दुसरं काही नसतं, भात निसवणं, पिकणं आणि कापणी. म्हणजे निवडणुकीच्या वर्षी ज्या महिना-दीड महिन्यासाठी बंदूक घरात ठेवायची, त्याच काळात ती ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून उभी. सिंधुदुर्गातले शेतकरी यावर दर निवडणुकीला ओरडतात. इकडे तेवढं ऐकू येत नाही, कारण परवाने कमी, आणि घरात उरलेली माणसं बहुतेक म्हातारी.

सरसकट जमा करून घेणं कायद्याला धरून नाही, हे न्यायालयानं कधीच सांगितलं आहे. गोविंद तिळवे यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये निकाल दिला. परवाना आहे एवढ्याच कारणानं सगळ्यांच्या बंदुका घेऊ नयेत, छाननी समितीनं माणूसवार विचार करावा. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही छाननी समिती आहे. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. पण समितीपुढे आपलं प्रकरण जावं यासाठी अर्ज करावा लागतो, तोही वेळेत. शेतीसंरक्षणाचा परवाना, सातबारा, जनावरांच्या उपद्रवाचा वनखात्याचा पंचनामा एवढं जोडलेला अर्ज आधीच हाती असलेला शेतकरी विरळा. निरोप आला की माणूस बंदूक खांद्याला लावून एसटीत बसतो.

कर्नाटकातल्या कोडगूत वेगळी तऱ्हा. तिथं कोडव समाज आणि जम्मा जमिनींचे धारक यांना शस्त्र परवान्यातूनच सूट आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही सवलत केंद्रानं २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ती वैध ठरवली. महाड-पोलादपूरला तसं काही मिळण्याचा प्रश्न नाही आणि मिळावं असंही मी म्हणत नाही. सूट मिळून घरोघर बंदुका झाल्या तर डुकरांपेक्षा माणसांची काळजी करावी लागेल.

उरला वारस. बाप गेला, मुलगा लालबाग सोडून विरारला राहायला गेलेला. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्याची तरतूद आहे, बापाच्या हयातीतही, तो सत्तरीला पोचला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली तर. मुलाला नकोच असेल तर बंदूक ठाण्यात जमा करायची, आणि ठरल्या मुदतीत ती परवानाधारकाला विकण्याचा हक्क वारसाकडे राहतो. मुदत टळली की जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. विकली तर पैसे वारसाचे आणि कर शून्य, हे वर आलंच आहे. पण घेणारा कुठून आणायचा? महाड-पोलादपूरच्या वाड्यांत आता राखणीला माळ्यावर चढणारा माणूसच मिळेना. परवाना असलेला आणि वर ठासणीची बंदूक हवी असलेला तर आणखी दुर्मीळ.

ज्यांच्या खाचरात अजून भात आहे आणि घरात बंदूक आहे, त्यांच्यासाठी कामाची गोष्ट एवढीच की आजच्या विधानसभेची मुदत २०२९ च्या डिसेंबरात संपते. पुढची घोषणा पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरातच यायची शक्यता आहे. छाननी समितीसाठीचा अर्ज, सातबारा आणि त्या आधीच्या हंगामातले पंचनामे त्या वर्षीच्या लावणीनंतर लगेच एका पिशवीत घालून ठेवता येतात, आणि घोषणा झाल्या दिवशी महाडच्या प्रांत कार्यालयात आणि अलिबागला पाठवता येतात.